एका पायात चप्पल

ताई, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा कार्यकर्ती आहे. वय 36. घरी नवरा, सासू, दोन लेकरं, पाच एकर वावर. मोठ्या मुलाला, तो 9 वर्षांचा आहे, दोन महिन्यांआधी डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास, सांगितलं आणि गोळी सुरू केली. त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं आहे का? आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

रात्री दोन वाजता बाई अडली तर 102 ला अॅम्ब्युलन्ससाठी फोन, तिचं एमसीपी (माता-बाल आरोग्याचं) कार्ड, कपडे, सोबतीला कोण, सगळं माझ्या ध्यानात असते. पण बाळंतपणानंतरच्या भेटी विसरते. मोबदल्याचा क्लेम भरायचा राहतो, पैसे जातात. दूध रोज उतू जाते. मागच्या वर्षी पीक विमा भरायचं माझ्याकडे होतं. तारीख निघून गेली आणि सोयाबीन पाण्यात गेलं. हे आठ दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, "दुनियेचं ध्यान राह्यते तुले, घरचंच कसं राहत नाही? मुद्दामच करते तू." सासू म्हणते, "भैताड आहे ते." लहानपणी मी एकदा शाळेतून एका पायात चप्पल घालून घरी आले होते, माहेरी अजून हसतात.

फॉर्म भरायला बसलं की मला तंबाखूचा खर्रा लागतो, हे कोणाला माहीत नाही. आणि एक सांगते, मुलाची गोळी मी एकदा घेऊन पाहिली. त्या दिवशी तीन महिन्यांचं रजिस्टर एका बैठकीत झालं. म्हणजे मलाही तेच आहे का? या वयात होते का हे? की मी खरंच भैताड आहे?

– एक आशा

(पत्र थोडं कमी करून छापलं आहे.)

आशाताई, नमस्कार.

तुमचं पत्र तीन शाईंत आलं. पहिलं पान निळ्या पेनाचं, वर आषाढी एकादशीच्या आसपासची तारीख. मधली दोन पानं लाल पेनाची. शेवट पेन्सिलीने, आणि त्यात पोळा होऊन गेल्याचं लिहिलंय. वाचताना मला हसू आलं, पण त्यात टवाळी नव्हती. पेशंटला समोर बसवून अर्धा तास विचारल्यावर जे कळतं ते त्या तीन शाईंनी आधीच सांगितलं होतं. तरी पत्रावरून निदान करत नसतात आणि मीही करणार नाही.

आधी गोळीचं, कारण ते सगळ्यांत तातडीचं आहे. मुलाची गोळी पुन्हा घेऊ नका. तुम्ही पाकिटावरचं नाव लिहिलंय, ती मिथाइलफेनिडेट आहे. तिने नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून मोठ्या माणसाला ती देण्याआधी बीपी मोजतात, हृदयाचा काही त्रास आहे का ते विचारतात, बाई असेल तर दिवस गेलेत का हेही विचारतात. तुमचं यातलं काहीच झालेलं नाही. शिवाय हे शेड्यूल एक्समधलं, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेलं औषध आहे. दुकानदाराला चिठ्ठीची एक प्रत दोन वर्षं जपून ठेवावी लागते, त्यामुळे तालुक्याच्या साध्या मेडिकलमध्ये ते बहुधा मिळतही नाही. घरातली एक गोळी कमी झाली की मुलाचा शाळेचा एक दिवस कोरडा जातो.

"रजिस्टर एका बैठकीत झालं, म्हणजे मलाही तेच आहे का?" यावर माझं उत्तर नाही असं आहे. या गोळीने एडीएचडी नसलेला माणूसही काही तास तरतरीत होऊ शकतो. शेजारच्या काकूंनी घेतली असती तर त्यांनीही कदाचित सगळे डबे घासून काढले असते. गोळी लागू पडली यावरून निदान ठरत नाही. पण तुमच्या पत्रात निदानाच्या दिशेने जाणाऱ्या दुसऱ्या गोष्टी आहेत आणि त्या गोळीपेक्षा जास्त बोलक्या आहेत.

या वयात हे होतं का, असं तुम्ही विचारलंय. या वयात होत नाही. असेल तर लहानपणापासून असतं, दिसतं उशिरा. म्हणून तर आम्ही मोठ्या माणसालाही त्याच्या शाळेचं विचारतो. बाराव्या वर्षाच्या आत काही लक्षणं होती का? एकाच ठिकाणी होती की घरी आणि बाहेर दोन्हीकडे? पूर्वी ही वयाची रेघ सातव्या वर्षावर होती, 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने ती बारावर आणली. मोठ्यांसाठी लक्षणांचा आकडाही त्याच वेळी कमी केला. मुलांमध्ये नऊपैकी सहा लागतात, सतराव्या वर्षापासून पुढे पाच पुरतात. वय वाढलं की बाहेरची धावपळ कमी होते आणि तीच चुळबुळ आत शिरते. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या पदराचं टोक पिळत राहणं, समोरचीचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण बोलून मोकळं होणं, एक काम हातात असताना डोक्यात दुसरी चार कामं पळत राहणं, ही त्याची मोठेपणची रूपं.

तुमची चप्पल मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. वर्गात बाकावर चढणारा मुलगा मास्तरांच्या डोळ्यांत भरतो. खिडकीतून बाहेर बघत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही, तिला नुसतं "ध्यान नाही" म्हणतात आणि पुढच्या वर्गात ढकलतात. मुली यात फार मागे राहून जातात. त्यांचं निदान पुष्कळदा असंच, स्वतःच्या लेकराची फाइल हातात आल्यावर होतं. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने 1902 साली अशा मुलांची वर्णनं केली होती, म्हणजे हा काही मोबाइलच्या जमान्यातला आजार नाही. 1980 मध्ये त्याला लक्ष कमी पडण्याचा विकार असं नाव मिळालं. ते नाव मला कधीच पटलं नाही.

कारण लक्ष कमी नसतंच. तुमचंच बघा. रात्री दोनला फोन येतो, बाई कण्हतेय, पाणी गेलंय, गाडीला रस्ता सांगायचाय, सासऱ्याला गप्प करायचंय. अशा वेळी तुमचं डोकं एकदम ताळ्यावर असतं. बाकीच्यांची धांदल उडते आणि तुम्ही शांत. त्याच डोक्याला महिन्याच्या शेवटी क्लेमचा फॉर्म दिला की ते चिखलात रुतलेल्या बंडीसारखं जागचं हलत नाही. काम समोर, आत्ता, नवं आणि निकडीचं असेल तर असा मेंदू पेटतो. जे काम कंटाळवाणं आहे आणि ज्याचं फळ महिनाभराने मिळणार आहे त्यासाठी तो पेटत नाही. मेंदूच्या पुढच्या भागात कामाचा क्रम लावण्याची आणि वेळेचा अंदाज धरण्याची व्यवस्था असते. ती डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनांवर चालते आणि एडीएचडीत तिथला कारभार थोडा वेगळा असतो. बैल धडधाकट आहे, कासरा हातातून निसटतो.

तुमच्या ह्यांचा सगळा राग या एका जागी अडकला आहे. "दुनियेचं ध्यान राह्यते" हे त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. "मुद्दामच करते" हा त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकला. जे एका कामात जमतं ते दुसऱ्यात जमत नाही म्हणजे मन नाही, असं कोणालाही वाटेल. तुम्हालाही वाटतं, नाही तर मी भैताड आहे का असं विचारलं नसतं. हे तेवढं आज रात्री जेवणानंतर त्यांना वाचून दाखवा. सासूबाईंसमोर नको, आधी दोघंच.

मोठ्या माणसांत हे शंभरात दोन-तीन जणांना असतं. तुमच्या हजार वस्तीच्या गावात सहा-साडेसहाशे मोठी माणसं धरली तर पंधराएक निघतील. आता ती कोण हे मोजत बसू नका, मला आशाताईंची सवय माहीत आहे.

मुलगा "आईवर गेला" असं घरी म्हणतात, हेही तुम्ही लिहिलंय. हे बरंचसं आनुवंशिक आहे. जुळ्यांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या घरात येतो. पण आईवरून येतं तसं बापावरूनही येतं. उंची जाते, नाक जातं, तसंच हे. एकदा दिराकडे, आजेसासऱ्यांकडेही बघा. घरात कोणी "चार धंदे केले, एकही पुरा केला नाही" म्हणून ओळखलं जाणारं आहे का?

आता एक बाजू जी तुम्ही लिहिलीच नाही. तुम्ही गावभर लोहाच्या गोळ्या वाटता. तुमचा स्वतःचा एचबी (हिमोग्लोबिन) शेवटचा कधी तपासला? रक्त कमी असलं की लक्ष लागत नाही, विसरायला होतं, चिडचिड होते. थायरॉइडचंही तसंच. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. झोप किती मिळते? रात्रीच्या केसेस, पहाटे चारला नळ, मधे लहानग्याचं उठणं. महिनोन्‌महिने पाच तास झोपणाऱ्या कोणाचंही दूध उतू जाईल. उदासी किंवा सततची काळजी असली तरी डोकं असंच चालतं. फरक ओळखायचा तो काळावरून. या गोष्टी कधीपासून तरी सुरू होतात, एडीएचडी मात्र आठवतं तेव्हापासून असतं. दोन्ही एकत्रही असू शकतात आणि पुष्कळदा असतात. वर्षानुवर्षं बोलणी खाल्लेल्या माणसाचं मन कधी तरी खचतंच.

खर्रा. तुम्ही सांगू नका म्हटलंत, पण पत्रावर नाव नाही म्हणून लिहिते. फॉर्म भरतानाच तो लागतो, एरवी नाही, हे तुम्ही फार नेमकं टिपलंय. तंबाखूतलं निकोटिन मेंदूला थोडा वेळ टोचणी देतं, बसणं सोपं होतं. एडीएचडी असलेली पुष्कळ माणसं तंबाखूकडे वळतात त्यामागे हेही एक कारण आहे. मेंदू आपलं औषध आपणच शोधत असतो आणि चौकातल्या ठेल्यावर त्याला ते सापडतं. पण सुपारी, तंबाखू आणि चुना गालात धरून ठेवण्याचं काय होतं ते तुम्ही गावाच्या आरोग्य-तपासणीच्या सीबॅक फॉर्मवर दुसऱ्यांच्या नावापुढे लिहीत आला आहात. तोंड पुरं उघडतं का? तीन बोटं उभी जातात का? जात नसतील तर हे बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी तोंड दाखवा. मूळ त्रासावर इलाज सुरू झाला की खर्रा सोडणं सोपं जाण्याची शक्यता असते, म्हणून डॉक्टरांपासून हे लपवू नका.

तपासणी होईपर्यंत, आणि झाल्यावरही, रोजचं कसं निभवायचं? तुम्ही लिहिलंय, "दर एक तारखेला ठरवते, या महिन्यात सगळं वेळेवर." हे ठरवणं बंद करा. वीस वर्षं ठरवून झालं. लक्षात ठेवायचं काम डोक्याकडून काढून घ्या आणि भिंतीला द्या.

बाळ जन्मल्याचं कळलं की त्याच बैठकीत, चपला काढायच्या आधी, सहाही भेटी कालनिर्णयवर मांडा. 1 नोव्हेंबरला जन्म झाला असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि पान उलटून 12 डिसेंबर. प्रत्येक चौकोनात त्या बाईचं नाव. कॅलेंडर आतल्या खोलीत नको, जिथून तुम्ही बाहेर पडता त्या दारावर हवं. डायऱ्या तुमच्याकडे पाच असतील, दर जानेवारीत नवी, पहिली बारा पानं भरलेली. त्या देऊन टाका. मोबाइलचा गजर लावायचाच तर त्याला नाव द्या, "ज्योती 21वा दिवस" असं. नुसता गजर तुम्ही झोपेतही बंद करता. आणि उभं राहून निघाल्याशिवाय तो बंद करायचा नाही.

रजिस्टर घरी आणून "निवांत" भरू नका. तुमच्यासाठी निवांत वेळ ही सगळ्यांत वाईट वेळ. ज्या घरी भेट झाली त्याच ओसरीवर, बाळाचं वजन केलेलं असताना, उठायच्या आधी लिहा. चहा आला तरी आधी रकाना, मग चहा. क्लेमसाठी शेजारच्या गावच्या आशाताईला धरा. महिन्यातून एक दुपार दोघींनी उपकेंद्रात समोरासमोर बसायचं आणि आपापलं भरायचं. तिने मदत करायची गरज नाही, नुसतं समोर बसायचं. कोणी सोबत बसलेलं असलं की अशा मेंदूचं काम पुढे सरकतं. हे विचित्र वाटेल, पण करून पाहा. तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक मॅडमना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आजाराचं नाव न सांगताही "पंचवीस तारखेऐवजी वीसला मला एकदा आठवण करा" एवढं मागता येतं.

दुधाचा इलाज माझ्या एका पेशंटबाईंनी मला शिकवला. गॅसवर दूध ठेवलं की हातात उलथनं धरायचं आणि दूध उतरेपर्यंत ठेवायचं नाही. कोणी हाक मारली, तुम्ही अंगणात गेलात, गप्पांना लागलात, की हातातलं उलथनं विचारतं, मी इथं काय करतंय? त्या सांगत होत्या की पहिल्या महिन्यात त्या उलथनं घेऊन दोनदा दळणाला जाऊन आल्या. पण दूध वाचलं, कारण चक्कीवाल्याने हसून विचारलं.

वेळेचा अंदाज हा तुमचा दुसरा चोर. "पाच मिनिटांत येते" म्हणून तुम्ही किती वेळाने येता? एक आठवडा फक्त मोजा, सुधारू नका. पीएचसीत जाऊन यायला खरोखर किती लागतात, स्वयंपाकाला किती. आकडा कळला की दीडपट धरायचा. स्कूटीची किल्ली, ओळखपत्र आणि पिशवी, तिघांना दाराशेजारी एकच खिळा. घरातल्या कोणीही तो खिळा दुसऱ्या कशासाठी वापरायचा नाही, छत्रीसाठीसुद्धा नाही.

विम्याचं मात्र मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. नुकसान झालं ते घराचं झालं आणि तुमच्या ह्यांना राग यायला जागा होती. माफी मागितली नसेल तर मागा, कारण न सांगता. पण पुढच्या खरिपात शेवटची तारीख असलेलं कुठलंही काम तुमच्याकडे नको. विमा, ई-पीक पाहणी, सोसायटीचं कर्ज, शाळेची फी, हे सगळं त्यांच्याकडे. बदल्यात त्यांना जे जड जातं ते तुम्ही घ्या. दवाखाना, पाहुणे, तहसीलमध्ये साहेबाशी बोलणं, रात्री-बेरात्री धावणं. बाईने घरचं सगळं ध्यानात ठेवायचं हा नियम कोणी केला मला ठाऊक नाही, पण तुमच्या घरी तो तोट्याचा ठरला आहे हे सोयाबीनने दाखवलं.

आता जायचं कुठे. तुमच्या मुलाची पुढची तारीख असेलच, त्याच दिवशी तुमचाही केस पेपर काढा, वेगळी खेप नको. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मोठ्यांचा मानसोपचार विभाग आहे. वर्धेकडे सोयीचं असेल तर सेवाग्रामला आहे. त्याआधी कोणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत, फुकट. हा नंबर तुम्हीच गावात सांगत असाल. गावात कळेल ही भीती मला समजते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे, डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते तुम्हाला प्रश्नावली देतील. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, ती चाळणी आहे, निकाल नाही. मोबाइलवरच्या व्हिडिओंना तर चाळणीही म्हणता येणार नाही.

निदान झालंच तर औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरेल. तुमच्या मुलाची गोळी तासाभरात काम करते आणि काही तासांत उतरते. अॅटोमॉक्सेटिन नावाचं दुसरं औषध रोज घ्यावं लागतं आणि त्याचा पुरता गुण दिसायला काही आठवडे लागतात, मधेच सोडलं तर कळणारच नाही. दोन्हींनी भूक मंदावू शकते. गोळीने बसणं सोपं होतं, पण खिळा आणि कालनिर्णय लागतातच. काही ठिकाणी समुपदेशक ही व्यवस्था बसवायला मदत करतात, विचारून बघा.

सोबत न्यायचं ते एवढं : मुलाची फाइल, तुमचा ताजा एचबी आणि थायरॉइडचा रिपोर्ट, आणि माहेरून जुनं प्रगतिपुस्तक मिळालं तर ते. नाही मिळालं तर आईलाच फोनवर घ्या, चप्पलेची गोष्ट तिच्याच तोंडून सांगू द्या. हे सगळं एका पिशवीत भरून आजच त्या खिळ्याला अडकवा. खिळा ठोकलेला नसेल तर आधी तो ठोका, पत्राची घडी मग घाला.